मुदत संपलेला आवाज

यशवंतराव ठोंबरे यांनी जन्मात कधी तिकिटाशिवाय प्रवास केला नाही, आणि हे ते कोणी न विचारता सांगत. रेल्वेच्या नोकरीत पासावर हिंडणाऱ्या माणसाला तिकीट लागतंच कशाला, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येई. पण तो विचारायची कोणाची टाप नव्हती. माणूस नाकासमोर चालणारा, आणि नाकही सरळ.

छत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या वायरलेसमध्ये काढली. निवृत्त झाल्यावर रायपूरजवळच्या बीरगांवात घर बांधलं, गच्चीवरून समोरच्या कडुनिंबापर्यंत तार ताणली आणि जिन्याखालच्या खोलीत हौशी रेडिओचा सेट मांडला. हौशी म्हणजे नुसती हौस नव्हे. सरकारची परीक्षा द्यावी लागते, तेव्हा लायसन्स मिळतं, आणि लायसन्स असेल तरच माईकचं बटण दाबायचं. ऐकायला कोणी अडवत नाही, बोलायला मात्र परवानगी हवी. अशी व्यवस्था घरोघरी असती तर किती संसार सुखाचे झाले असते, असं त्यांची बायको हयात असताना म्हणायची. दर रविवारी यशवंतराव या परीक्षेला बसणाऱ्या चार-सहा पोरांना फुकट शिकवत, आणि नियमांचा धडा स्वतः दोनदा घेत.

दुसरा असाच माणूस म्हणजे प्रल्हाद कावळे. दोघं एकाच दिवशी डोंगरगडला कामावर रुजू झाले आणि एकाच वर्षी सुटले. प्रल्हादची बायको गेली, मुलगा विशाल पुण्याला स्थायिक झाला, आणि प्रल्हादनं गरियाबंदच्या पुढे साल्हेपारा नावाच्या वस्तीत आंब्या-फणसाची बाग घेतली. बागेत एकटं घर, सगळ्यात जवळचा शेजारी बुधराम तीन शेतं पलीकडे. विशालनं बापाला मोठा फोन घेऊन दिला होता. गावात टॉवरही होता. फोनवर काड्या पूर्ण दिसत, पण फोन लागला तर नशीब, आणि नेट म्हणाल तर ते फक्त जाहिरातीत.

म्हणून रोज सकाळी पावणेसातला रेडिओ. पंधरा मिनिटं. हवा कशी, झोप कशी, गोळ्या घेतल्या का. वीस वर्षं हे चाललं होतं. बोलण्यात दम काही नसे, पण समोरचा जिवंत आहे एवढं कळलं की दोघांचाही दिवस सुरू होई. बाकी सगळं त्यानंतर.

या वीस वर्षांचीच भानगड झाली. लायसन्सची मुदतही वीसच वर्षांची होती. प्रल्हादनं परीक्षा काही महिने उशिरा दिली होती, म्हणून त्याचं लायसन्स अजून चालू होतं.

यशवंतराव ती विसरले असं समजू नका. मुदत संपायच्या चार महिने आधी त्यांनी दोन पानी अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला, वर 'सविनय' घातलं, खाली सही, सोबत सहपत्रांची यादी, आणि पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं धाडला. जन्मभर त्यांनी प्रत्येक काम रीतसर मार्गानं केलं होतं. अडीच महिन्यांनी ते पाकीट जसंच्या तसं परत आलं. वर एक चिठ्ठी होती की अर्ज आता फक्त ऑनलाइन घेतला जातो.

मग सूनबाई विनीताला साकडं घातलं. मुलगा संग्राम बिलासपूरला रेल्वेतच होता, शनिवार-रविवारी येई. विनीता रायपुरात पंडरीला एका ग्राहक संस्थेच्या मार्गदर्शन केंद्रात फोन घ्यायची. दिवसभर लोक तिला विचारत, दीदी, पैसे पूर्ण भरून नेट काहून रांगते? आणि ती सांगे की खिडकीजवळ जाऊन चाचणी करा, दिवसातून तीन वेगवेगळ्या वेळी करा, प्रत्येक वेळचा फोटो ठेवा, आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या, समाधान झालं नाही तर अपील करा. आणि घरी दिव्याखाली अंधार. ती सहाला घरी यायची, त्याच सुमारास जवळच्या उरला गावच्या कारखान्यांतली पाळी सुटायची. हजारो माणसं बाहेर पडून एकदम फोन काढायची आणि बीरगांवचं नेट बसायचं. अर्जाचा फोटो अर्ध्यावर चढायचा, थांबायचा, आणि पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' असं यायचं. यशवंतराव शेजारी खुर्ची घालून बसत आणि गोल फिरणाऱ्या त्या चक्रीकडे, सिग्नल पडायची वाट बघावी तसे बघत.

शेवटी मुदत संपायच्या आदल्या दिवशी तिनं ऑफिसातून अर्ज चढवला. अर्ज विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. विनीता म्हणाली की झालं बाबा, आता खुशाल बोला. यशवंतराव म्हणाले की अर्ज म्हणजे लायसन्स नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रल्हादला सांगितलं की उद्यापासून मी नुसता ऐकणार, लायसन्स हाती येईपर्यंत बोलणार नाही. कोणीही दुसरा म्हणाला असता, अरे सोड, कोण बघून राहिलं? प्रल्हाद म्हणाला, "बराबर आहे." आणि त्यावरच न थांबता यशवंतरावांनी माईकची वायर सेटमधून काढली, माईक पत्र्याच्या डब्यात घातला, डब्याला सुतळी बांधून गाठीवर लाखेचं सील मारलं आणि सोबत तारीख-वेळेचा कागद चिकटवला. बंद केलेल्या यंत्राला रेल्वेत असंच करतात. घरात मात्र असं करणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात दुसरा नसेल.

मग रोज पावणेसातला प्रल्हाद एकटाच बोलू लागला. गंमत अशी की तो पूर्वीसारखाच बोलायचा. थंडी किती ते सांगायचा, मग विचारायचा, "तिकडे कशी आहे? ओव्हर." आणि गप्प बसायचा. यशवंतरावांना उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा तो थांबायचा, आणि मग "हव, हव" म्हणून पुढे जायचा. यशवंतराव इकडे खरोखर उत्तर देत, बंद खोलीत, मोठ्यानं. विनीतानं ते दाराआडून एकदा ऐकलं आणि तिला हसावं की रडावं कळेना.

लायसन्स काही येईना. दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी प्रल्हाद वेळेवर आला. कोहळ्याचे सांडगे घातले म्हणाला, माकडांनी अर्धे नेले म्हणाला. मग म्हणाला की डावा हात जरा झोपून राहिला, रात्री अंगाखाली दबला वाटते. यशवंतरावांनी सवयीनं समोरच्या घड्याळात पाहिलं. सहा बावन्न.

त्यानंतरचं वाक्य नीट आलं नाही. सांडग्यांचंच काही होतं, पण शब्द एकमेकांवर चढले होते. यशवंतरावांनी सेटचं बटण किंचित फिरवलं. आवाज स्वच्छ झाला नाही. त्यांनी परत फिरवलं, खरखर गाळायची गाळणी लावली, काढली, कानावरचे हेडफोन दाबून धरले. जन्म वायरलेसमध्ये गेलेला माणूस. आवाज बिघडला की त्याला आधी हवा दिसते, मग तार दिसते, मग यंत्र दिसतं. बोलणारा माणूस सगळ्यात शेवटी. चार मिनिटं ते असं हवेला सुधारत बसले, आणि मग मागून कुठला तरी कोंबडा अगदी स्वच्छ आरवलेला ऐकू आला.

कोंबडा स्वच्छ येत होता. प्रल्हाद येत नव्हता.

यशवंतरावांना कळलं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे ते स्वतःलाही सांगू पाहणार होते की कळलं नव्हतं. सहा छप्पनला त्यांना पक्कं कळलं होतं की तिकडे काहीतरी भलतंच होऊन राहिलं आहे. डबा टेबलाच्या खणात होता. हात लांबवला की मिळाला असता.

यशवंतराव खणाकडे बघत बसले. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. सील फोडलं तर कागदावर कारण लिहावं लागेल. लायसन्स नसताना बोललो तर नव्या अर्जावर डाग पडेल. कोणी ऐकत असेल. छत्तीस आणि वीस, छप्पन वर्षांत एकदाही आपण परवानगीवाचून बटण दाबलं नाही. कदाचित खरंच हात दबला असेल. आता बोलेल नीट. आता बोलेल.

"यशवंत," प्रल्हाद म्हणाला. पुढचे शब्द घसरत आले. "मी जरा... पडतो. तू... काय म्हणतो? ओव्हर."

आणि तो थांबला, उत्तराला लागेल तेवढा वेळ.

विनीता चहा घेऊन आली तेव्हा सात वाजले होते. सासऱ्याचा चेहरा पाहून तिनं कप खाली ठेवला आणि हेडफोनची वायर सेटमधून ओढून काढली, तसा स्पीकर सुरू झाला. प्रल्हादकाका काहीतरी म्हणत होते. काय ते देवाला ठाऊक.

"बाबा, हा लकवा आहे," ती म्हणाली. "माझ्या बाबांचं असंच झालं होतं. फोन लावते."

तिनं लावला. काकांचा फोन संपर्कक्षेत्राच्या बाहेर होता. बुधरामचा नंबर वाजलाच नाही. विशालला लावता लावता ती सासऱ्याला म्हणाली, तुम्ही बोला काकांशी, झोपू देऊ नका त्यांना. यशवंतराव म्हणाले, "सील आहे."

विनीतानं त्यांच्याकडे पाहिलं. दहा वर्षांत ती सासऱ्याशी एकदाही वर तोंड करून बोलली नव्हती. "रविवारी पोरांले काय शिकवता तुम्ही?" ती म्हणाली. "कोणाचा जीव जात असेल तेव्हा काय करायचं, ते काय शिकवता?"

ते काय शिकवत ते त्यांना पान-ओळीसकट पाठ होतं. जीव धोक्यात असेल तर कोणीही, कुठूनही, कसंही बोलावं. तिथे कोणताच नियम आड येत नाही. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, असं सांगून ते पोरांकडून तीनदा घोकून घेत.

विनीतानं वाट पाहिली नाही. स्वयंपाकघरातून सुरी आणली, सुतळी कापली, लाखेचे तुकडे टेबलावर उडाले, आणि माईक सासऱ्याच्या हातात कोंबून ती फोनवर रुग्णवाहिकेचा एकशेआठ लावत जिन्यात पळाली, कारण घरात तेवढ्याच एका जागी फोन नीट चाले. यशवंतरावांनी वायर सेटला जोडली. सात वाजून तीन मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं.

"प्रल्हाद, यशवंत बोलतो. ओव्हर."

नुसती खरखर. मग बऱ्याच वेळानं, "यशवंत? लाय... सन्स... आलं काय?"

आता याला काय म्हणावं? अर्धं शरीर सोडून चाललेलं, जीभ वळेना, आणि विचारलं काय तर लायसन्स. पण यशवंतरावांना त्याचं नवल वाटलं नाही, भीती वाटली. लायसन्स नसलेल्या माणसाशी बोलणं हाही गुन्हाच. नाही म्हटलं असतं तर प्रल्हादनं सेट तिथल्या तिथे बंद केला असता आणि जाऊन पडला असता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ दोघांनी मिळून घातला होता.

"आलं," यशवंतराव म्हणाले. "आत्ताच आलं. आता मी सांगतो ते ऐक. तू पडायचं नाही. दाराची कडी काढ. थाळी घे आणि ओसरीत जाऊन बस. बुधराम येईपर्यंत थाळी वाजव. गोळी घेऊ नको, पाणी पिऊ नको. सगळं सोडून आधी कडी काढ. समजलं का? ओव्हर."

"हव," प्रल्हाद म्हणाला.

त्यानंतर काहीच आलं नाही. येणार कसं? बटण दाबायला तिथे कोणी नव्हतं. प्रल्हाद दारापर्यंत पोचला की मध्येच कोसळला, कडी निघाली की नाही, थाळी उजव्या हातात धरून वाजवायची कशानं, यातलं काहीही कळायला मार्ग नव्हता. यशवंतराव दर मिनिटाला बटण दाबून त्याचं नाव घेत होते आणि सोडून ऐकत होते. जिन्यातून विनीताचा आवाज येत होता. फोन दोनदा कटला. एकशेआठचा माणूस खूण विचारत होता आणि ती सांगत होती की फणसाची बाग, भैया, बाग, वस्तीच्या आधी डाव्या हाताला. मग पुन्हा कटला, पुन्हा लावला, पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर लोकांना धीर देणारी ती पोरगी शेवटी फोनवर ओरडली.

सव्वासात झाले. साडेसात झाले. यशवंतरावांनी चहाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यांना एकसारखं वाटत होतं की आपण बोललो ते प्रल्हादच्या कानात पोचलं, पण पायात पोचलं नसेल.

आठला वीस मिनिटं कमी असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलताच बंद पडला. परत आला, परत बंद. तिसऱ्यांदा एक दूरचा आवाज घाईघाईनं म्हणाला, "सियान ला गाड़ी म चढ़ा दे हन." थाळी ऐकून धावलेला बुधराम होता. म्हाताऱ्याला गाडीत घातलं होतं. विनीता जिन्याच्या पायरीवर मटकन बसली.

दहाच्या सुमारास गाडी रायपुरात पोचली, तेव्हा सासरा-सून हॉस्पिटलच्या दारात उभे होते. तरुण डॉक्टर बाई धावत आल्या आणि त्यांनी एकच विचारलं की त्रास नेमका केव्हा सुरू झाला; साडेचार तासांच्या आत असेल तरच ते इंजेक्शन देता येतं. घरच्या लोकांना हे सहसा सांगता येत नाही. यशवंतराव म्हणाले, "सहा बावन्न." डॉक्टरांनी वर पाहिलं. पक्कं? पक्कं, ते म्हणाले.

इंजेक्शन वेळेत बसलं. जीव वाचला. हात आणि जीभ किती परत येईल ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. या दुखण्यात प्रत्येक मिनिटाला मेंदूचा काही भाग जातो. त्या हे विशालला समजावून सांगत होत्या. यशवंतराव मागे उभे राहून ऐकत होते.

विशाल त्याच संध्याकाळी विमानानं आला होता. त्यानं भर वॉर्डात यशवंतरावांचे पाय धरले आणि म्हणाला की काका, तुमच्यामुळे बाबा वाचले. यशवंतरावांनी पाय असे मागे घेतले की पोरगा पडता पडता राहिला. संग्राम बिलासपूरहून आला, त्यानं बापाची पाठ थोपटली. रविवारच्या पोरांनी फोनवर फोन केले. विनीताला शेवटची तीन मिनिटं माहीत होती. त्याआधीचं कोणालाच माहीत नव्हतं, आणि तेच यशवंतरावांना खात होतं. जेवण जाईना. घड्याळात कुठेही सात वाजायला आले की ते त्याकडे पाठ फिरवत.

चौथ्या दिवशी दुपारी विशाल औषधं आणायला खाली गेला, तेव्हा ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले. प्रल्हादचं तोंड एका बाजूला उतरलं होतं. तो शब्द शोधून शोधून बोलत होता, पण डोकं जाग्यावर होतं.

"लायसन्स..." तो म्हणाला. "दाखव."

"नाही आलं," यशवंतराव म्हणाले. "अजून नाही. खोटं बोललो मी."

प्रल्हादनं मान हलवली. त्यात फार नवल दिसलं नाही. यशवंतरावांना वाटलं, एवढ्यावरच उठून जावं. मग त्यांनी खाटेची दांडी धरली.

"तुझी जीभ अडखळली तेव्हा सहा बावन्न झाले होते. मी बोललो सात वाजून तीनला. अकरा मिनिटं गेली. त्यातली चार मी हवेला दोष देत होतो. बाकीची सात मले समजलं होतं, प्रल्हाद. समजून बसून राहिलो. सील बी मी नाही फोडलं, सुनेनं फोडलं."

बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीची लेक संत्रं सोलत होती, ती थांबली.

"काहून?" प्रल्हादनं विचारलं.

"लायसन्स नव्हतं."

यशवंतराव शिव्या खायची तयारी करून आले होते. मैत्री तुटली तरी चालेल, असंही त्यांनी मनाशी ठरवलं होतं. प्रल्हाद शब्द जुळवत होता, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, आणि त्यांनी ती रुमालानं पुसली.

"मी असतो," प्रल्हाद म्हणाला, "तर मी बी... थांबलो असतो."

तो हे चिडून म्हणाला नाही. समजूत घालायला म्हणाला, जुन्या दोस्ताला म्हणतात तसं. आणि यशवंतरावांना दिसलं की बीरगांवात जिन्याखालच्या खोलीत आपण पडलो आहोत, हात आपला सुन्न झाला आहे, आणि तिकडे बागेतल्या घरात हा आपला जिवाभावाचा माणूस घड्याळाकडे बघत बसला आहे. अकरा मिनिटं. तिथे तर सुरी घेऊन येणारी विनीताही नव्हती. वीस वर्षं रोज सकाळी दोघं एकमेकांची खबर घेत होते, आणि वेळ आली असती तर दोघांनीही एकमेकांना मरू दिलं असतं, अगदी नियमानं.

"असं नको म्हणू," यशवंतराव म्हणाले. "प्रल्हाद, तू तरी असं नको म्हणू." आणि संत्रं सोलणारी ती बाई बघत असतानाच ते रडू लागले.